छप्पर तापते तेव्हा : वऱ्हाडातील घरे आणि उष्णतेचे प्रारण

आमचे गाव बाळापूर तालुक्यात. घर जुने, धाब्याचे. काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मागची खोली बसली आणि तिच्या जागी घरकुल योजनेतून स्लॅबची नवी खोली उभी राहिली. फरशी, रंग, पंखा, खिडकीला कूलर, असा सगळा थाट. वडिलांनी ती खोली आग्रहाने आजीला दिली. जन्मभर गळक्या धाब्याखाली राहिलेल्या आईने आता तरी पक्क्या घरात निजावे, एवढीच त्यांची इच्छा. पण पहिल्याच मे महिन्यात आजीने आपली वळकटी उचलली आणि ती पुन्हा समोरच्या धाब्याच्या खोलीत नेऊन टाकली.

"बाबू, मले त्या खोलीत नोको झोपवू. डोक्शावर तवा धरल्यावानी वाटते," ती मला म्हणाली.

वडिलांना याचा राग आला. "तिले नवं काही पटतच नाही," असे म्हणून त्यांनी मला दोन्ही खोल्यांत तापमापक टांगायला सांगितला. मी टांगला. संध्याकाळी सहा वाजता दारे-खिडक्या उघड्या असताना दोन्हीकडे पारा ३८ अंशांच्या आसपास होता. कुठे अर्धा अंश इकडे, अर्धा अंश तिकडे. वडिलांचे म्हणणे सिद्ध झाले आणि आजी हट्टी ठरली.

प्रश्न एवढ्यावर संपला असता तर हा लेख लिहिण्याचे काही कारण नव्हते. परंतु त्याच्या आदल्या उन्हाळ्यात आजीला घरातच ऊन लागले होते. 'घरातच' हा शब्द मी मुद्दाम लिहितो. ती शेतात गेली नव्हती की बाजारात गेली नव्हती. दोन दिवस सलाईनवर होती. शिवाय उरलेले धाबेही पाडून सगळ्या घरावर स्लॅब टाकायचा बेत वडिलांनी पक्का केला होता. तेव्हा म्हातारीचे म्हणणे खरे की पाऱ्याचे, याचा निकाल लागणे आम्हांस भाग होते. मी कला शाखेचा, भूगोलाचा विद्यार्थी. उष्णतेविषयी माझे ज्ञान समताप रेषांपुरते. म्हणून अमरावतीला परतल्यावर एका विज्ञान महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या सरांकडे गेलो. त्यांनी माझे ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुमचा तापमापक खरे बोलतो आणि तुमची आजीही खरे बोलते. तापमापक हवेविषयी बोलतो, आजी छताविषयी बोलते."

या एका वाक्याचा उलगडा करण्यात माझी पुढची सुटी गेली. तो जसा मला समजला तसा येथे मांडतो. विज्ञानाच्या प्राध्यापकांना त्यात काही नवीन आढळणार नाही. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यावर स्लॅब किंवा टिन आहे, त्यामुळे विषय कुणालाच परका नाही.

उष्णता तीन वाटांनी जाते हे आपण शाळेत पाठ केलेले असते : वहन, अभिसरण आणि प्रारण. चुलीवरच्या तव्याची दांडी तापते ते वहन. चुलीवरून गरम हवा वर आढ्याकडे जाते ते अभिसरण. पहिल्या दोन गोष्टी समजायला सोप्या, कारण त्यांत काहीतरी मध्ये असते, धातू असतो किंवा हवा असते. तिसऱ्या वाटेला मध्ये काहीच लागत नाही. सूर्याची उष्णता निर्वात पोकळीतून आपल्यापर्यंत येते ती याच वाटेने. पौषातल्या पहाटे शेकोटीपुढे बसल्यावर तोंड भाजते आणि पाठ गारठते, हा अनुभव प्रत्येकाला आहे. हवा तर दोन्हीकडे सारखीच थंड असते. तोंडाला लागते ती हवेची ऊब नसून निखाऱ्यांनी सरळ फेकलेली उष्णता असते. मध्ये कुणी येऊन उभा राहिला की ऊब त्याच क्षणी बंद होते. हवा गरम असती तर असे झाले नसते.

या अदृश्य किरणांचा शोध विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने १८०० साली लावला. लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडून प्रत्येक रंगात त्याने तापमापक ठेवला. आणि तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तिथे पारा सर्वांत अधिक चढला. हेच अवरक्त किरण. ते सोडण्यासाठी वस्तू लाल होईपर्यंत तापावी लागत नाही. भिंत, छत, माठ, बैल, माणूस, सगळेच सतत ते सोडीत असतात आणि दुसऱ्यांचे घेत असतात. किती सोडतात हे स्टेफान याने १८७९ मध्ये प्रयोगांच्या आकड्यांवरून सांगितले आणि बोल्ट्झमान याने १८८४ मध्ये सिद्धांतावरून मांडले : वस्तूच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातानुसार. म्हणजे तापमान थोडे वाढले तरी प्रारण बरेच वाढते.

सरांनी मला एक अवरक्त तापमापक चार दिवसांसाठी दिला. पिस्तुलासारखे यंत्र असते. वस्तूकडे रोखले की ती सोडीत असलेल्या प्रारणावरून तिच्या पृष्ठभागाचे तापमान सांगते. गावी गेलो आणि पुन्हा संध्याकाळी सहाची वेळ धरली. नव्या खोलीच्या छताकडे रोखले : ४६. धाब्याच्या आतल्या फळ्यांकडे रोखले : ३७. वडिलांनी ते यंत्र माझ्या हातातून घेतले आणि स्वतः चारही कोपऱ्यांत फिरून पाहिले. आकडा फारसा हलला नाही. ते काही बोलले नाहीत, पण यंत्र कितीला येते एवढे विचारले.

आता स्टेफानचा नियम लावून पाहू. ४६ अंशांचे छत ३७ अंशांच्या छतापेक्षा दर चौरस मीटरला सुमारे ६० वॅट अधिक प्रारण खाली सोडते. दहा बाय बारा फुटांच्या खोलीचे छत सुमारे ११ चौरस मीटरचे. म्हणजे साडेसहाशे वॅटच्या घरात. एक इस्त्री छताला उलटी टांगून चालू ठेवावी, तसा हा प्रकार आहे. फक्त ती सगळ्या छतावर पसरलेली असल्यामुळे दिसत नाही. ही सगळी उष्णता माणसावर येत नाही हे खरे. बरीचशी फरशीवर, भिंतींवर, पेट्यांवर जाते. ढोबळ हिशेबाने खाटेवर पडलेल्या माणसाच्या वाट्याला २० ते २५ वॅट जादा येतात.

वीस-पंचवीस वॅट म्हणजे क्षुल्लक, असे प्रथम मलाही वाटले. पण शरीराचा जमाखर्च पाहिला म्हणजे तसे वाटत नाही. स्वस्थ पडलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ८० ते १०० वॅट उष्णता सतत तयार होत असते आणि ती बाहेर टाकल्याशिवाय गत्यंतर नाही. हिवाळ्यात तिचा मोठा भाग प्रारणानेच जातो, कारण भिंती आपल्या त्वचेपेक्षा थंड असतात. त्वचेचे तापमान साधारण ३४-३५ अंश. भोवतालचे पृष्ठभाग ३६-३७ झाले की ही वाट बंद होते. हवा त्याहून गरम झाली की अभिसरणाचीही वाट बंद होते. उरतो फक्त घाम. अशा वेळी छताकडून येणारे पंचवीस वॅट हे जाणाऱ्या उष्णतेत कपात नसून येणाऱ्या उष्णतेत भर असते, आणि त्यांचाही निचरा घामानेच करावा लागतो. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. या हिशेबाने तासाला ३० ते ४० ग्रॅम घाम अधिक लागतो. छत तसेच तापलेले राहिले तर रात्रीच्या आठ तासांत पाव लिटरच्या आसपास.

तरुण माणूस उठून तांब्याभर पाणी पितो आणि पुन्हा झोपतो. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते, घामही कमी येतो आणि अंधारात उठायचा कंटाळा असतो. आजीला घरातच ऊन कसे लागले याचे उत्तर मला या हिशेबात सापडले. त्या वर्षी, मागची खोली पूर्ण होईपर्यंत, आम्ही तिची खाट ओट्यावरच्या टिनाखाली टाकली होती.

नुसत्या हवेचा पारा पाहून सुख-असुख कळत नाही, ही गोष्ट शास्त्रज्ञांना फार पूर्वीच लक्षात आली होती. १९३० च्या सुमारास इंग्लंडमध्ये व्हर्नन यांनी त्यासाठी एक साधे उपकरण वापरले. पंधरा सेंटिमीटर व्यासाचा तांब्याचा पोकळ गोळा बाहेरून काळा रंगवायचा आणि त्याच्या मधोमध तापमापक ठेवायचा. गोळा भोवतालचे प्रारणही पितो आणि हवेचाही परिणाम घेतो. त्यामुळे तो थोडाफार माणसासारखा वागतो. आपल्याकडे रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेतील शर्मा आणि अली यांनी १९८६ साली भारतीय उन्हाळ्यासाठी एक निर्देशांक प्रसिद्ध केला. त्याचे सूत्र थोडक्यात असे : ओल्या तापमापकाच्या आकड्याचा सुमारे एक-तृतीयांश, अधिक काळ्या गोळ्याच्या आकड्याचा सुमारे तीन-चतुर्थांश, वजा वाऱ्याच्या वेगाच्या वर्गमुळाची दुप्पट. हा निर्देशांक २५ ते ३० च्या दरम्यान असला म्हणजे माणसाला बरे वाटते. सूत्र पाठ करण्याची गरज नाही. गोळ्याच्या आकड्याला त्यात किती वजन दिले आहे एवढे पाहावे. छताच्या तापामुळे गोळा तीन अंशांनी वर गेला तर निर्देशांक दोन अंशांहून अधिक वर जातो, आणि भिंतीवरचा साधा तापमापक याविषयी एक अक्षर बोलत नाही. आजी म्हणजे आमच्या घरातला काळा गोळा होती, असे मी सरांना म्हटले तेव्हा ते हसले.

आता धाबे आणि स्लॅब यांत एवढा फरक का, हे पाहू.

येथे भूगोल कामास येतो. अकोला आणि अमरावती ही दोन्ही शहरे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस २१ अक्षांशाच्या आसपास आहेत. मेच्या चौथ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य येथे थेट डोक्यावर येतो आणि खांबाची सावली क्षणभर नाहीशी होते. म्हणजे उन्हाळा ऐन भरात असताना घराच्या दक्षिण भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही. सगळा मारा छपरावर. निरभ्र मध्यान्ही आडव्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॅट सूर्यप्रकाश पडतो. शेवाळाने आणि धुळीने काळवंडलेला स्लॅब त्यातला दोन-तृतीयांश तरी पिऊन टाकतो. वऱ्हाडी घराला उन्हाळ्यात भिंतींपेक्षा छप्पर महत्त्वाचे, ते यामुळे.

धाबे कसे असते हे शहरातल्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. लाकडी सरे, त्यांवर आडव्या कड्या किंवा फळ्या, त्यांवर पाचोळ्याचा किंवा काड्यांचा थर आणि त्यावर वीत-दीड वीत पांढऱ्या मातीचा चोपून बसविलेला जाड थर. माती उष्णता सावकाश पुढे सरकवते. दुपारी एकचे ऊन आतल्या बाजूस पोहोचेपर्यंत रात्रीचे दहा-अकरा वाजतात, आणि तोवर त्याचा जोर ओसरलेला असतो. आतल्या फळ्या दिवसरात्रीच्या सरासरी तापमानाच्या आसपासच राहतात. चार-पाच इंचांच्या काँक्रीटमधून तेच ऊन तीन-चार तासांत खाली उतरते आणि पुरते ओसरतही नाही. म्हणून स्लॅबचे घर दुपारी बारा वाजता बरे वाटते, पाच वाजता नकोसे होते आणि रात्री अकरापर्यंत धगधगत राहते. शाळेतून, शेतातून, कचेरीतून माणसे घरी यायची आणि छताने तापायचे, दोहोंची वेळ एकच.

टिनाची गोष्ट निराळी. टिन पातळ, त्यामुळे त्याला साठवण नाही. दुपारी पत्र्याखाली बसणे म्हणजे भट्टीत बसणे. पण दिवेलागणीनंतर तासाभरात तो निवतो. ज्यांचे दिवसा घरात कुणी नसते त्यांना टिन एक वेळ परवडते. दुपारी घरात असतात त्या म्हाताऱ्यांना, बाळंतिणींना आणि पोरांना मात्र ते फार वाईट. कवेलूचे छप्पर या दोहोंपेक्षा बरे, कारण कवेलूंच्या फटींतून वारा खेळतो आणि एका कवेलूची सावली दुसऱ्यावर पडते. पण वानरांनी कवेलू फोडले की ते पुन्हा चाळणारे हात आता गावात सापडत नाहीत, हेही तितकेच खरे.

एवढे लिहिल्यावर मी धाब्याचा वकील झालो असे कुणी समजू नये. पावसाळ्यात धाबे गळते, दरवर्षी त्यावर माती टाकावी लागते, सऱ्यांना वाळवी लागते, आणि झडीच्या दिवसांत ते झोपलेल्या माणसांवर बसते. आमची मागची खोली बसली तेव्हा आत कुणी नव्हते, हे नशीब. स्लॅब मागणारा माणूस मूर्ख नसतो. आपल्या घरावर स्लॅब पडावा ही गरिबाची इच्छा रास्त आहे. गाऱ्हाणे इतकेच की स्लॅब टाकताना त्यावर पुढे काय करायचे, हे त्याला कुणी सांगत नाही. केंद्र शासनाच्या २०१८ च्या 'इको निवास संहिते'त छपरातून किती उष्णता आत येऊ द्यावी याची मर्यादा घालून दिली आहे. दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागे, जास्तीत जास्त १.२ वॅट. उघड्या स्लॅबमधून जवळजवळ तिप्पट येते. पण ती संहिता पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावरील इमारतींसाठी आहे. पंचवीस चौरस मीटरचे घरकुल तिच्या कक्षेत येत नाही. जिथे वातानुकूलन यंत्र बसण्याची शक्यता अधिक तिथे नियम, आणि जिथे फक्त एक पंखा आहे तिथे काही नाही.

कूलरविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण विदर्भात उन्हाळ्याला उत्तर म्हणजे कूलर, असे समीकरणच झाले आहे. ते पुष्कळ अंशी योग्यही आहे. मे महिन्यातली आपली हवा इतकी कोरडी असते की ४३ अंशांची झळ ओल्या ताटीतून ओढली की २७-२८ अंशांची होऊन आत येते. पूर्वी वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडीत, तेच हे, मोटर लावून. एक लिटर पाण्याची वाफ होताना जी उष्णता शोषली जाते ती सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी भरते. कूलरला स्वतःला वीज लागते ती पंख्यापुरती आणि पंपापुरती, दीड-दोनशे वॅट. याहून स्वस्त गारवा नाही.

पण कूलर थंड करतो ती हवा. छत थंड होत नाही. वाऱ्याचा झोत अंगावर आहे तोवर बरे वाटते. कूस बदलून झोताबाहेर गेले की छत पुन्हा आपले अस्तित्व जाणवून देते. म्हणून माणूस कूलर रात्रभर चालू ठेवतो. मग आमच्याकडची दुसरी अडचण उभी राहते. पूर्णेच्या काठचा आमचा बराचसा भाग खारपाणपट्ट्यात येतो. बोअरचे पाणी खारट. ते कूलरमध्ये टाकले की पंधरा दिवसांत ताटीवर क्षारांची पांढरी खपली धरते, हवा अडते, पंप जाम होतो. गोडे पाणी नळाचे, आणि ते दररोज येत नाही. पिण्याचे पाणी कूलरला घालायचे की नाही, यावरून आमच्या आळीत भांडणे झालेली मी पाहिली आहेत.

वातानुकूलन यंत्राची तऱ्हा याच वळणाची आहे. अमरावतीत मी ज्यांच्याकडे शिकवणी घेतो त्यांच्या वरच्या मजल्यावर ते आहे. वर उघडा स्लॅब. यंत्र १८ अंशांवर लावतात तरी पालक म्हणतात, गार होत नाही. हवा गार झालेली असते. अंगावर छत येत असते. त्याची भरपाई म्हणून हवा अधिकाधिक थंड करीत जायचे, हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. ऊर्जा दक्षता कार्यालयाच्या म्हणण्याप्रमाणे तापमान एक अंश वर ठेवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते. त्याच विचाराने २०२० च्या जानेवारीपासून नवी खोलीयंत्रे सुरू होताना २४ अंशांवर येतील, असा नियम झाला. नियम चांगला. पण ज्या खोलीचे छत ४६ अंशांवर आहे तिथला माणूस २४ वर समाधानी राहणार कसा? बटण त्याच्या हातात आहे. छत निववले तर तो आपण होऊन २६ वर ठेवील. आमच्या गावापासून पारसचे औष्णिक वीज केंद्र दूर नाही. तिथे कोळसा जळतो, त्याच्या विजेवर आम्ही छताने ओतलेली उष्णता बाहेर हाकलतो, आणि दुसऱ्या दिवशी छत पुन्हा ओतते.

२०२४ च्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेला तेव्हा अकोल्याच्या जिल्हा प्रशासनाने २५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत कलम १४४ लागू केले. कामगारांसाठी पाणी आणि पंखे यांची सोय करावी, खासगी शिकवणीवर्ग दुपारी भरवू नयेत, असे त्यात होते. आदेश योग्यच होता. पण उन्हातून घरी पाठविलेला माणूस कुठल्या छपराखाली जाऊन बसतो, हा प्रश्न कुठल्याही आदेशाच्या आवाक्याबाहेरचा आहे. अहमदाबादेत २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा तयार झाला आणि पुढे तिथे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले गेले. तेलंगण राज्याने तर २०२३ मध्ये शीतल छपरांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले.

पांढरे छप्पर, एवढा साधा हा उपाय. सुटीत आम्ही तो केला. कळीचा चुना भिजवून, गाळून, त्यात थोडा डिंक घालून मी आणि धाकट्या भावाने झाडूने स्लॅबवर दोन हात दिले. चुन्याची खुबी अशी की तो सूर्यप्रकाशाचा बराच मोठा भाग परत पाठवतो, आणि तरीही स्वतःची उष्णता अवरक्त किरणांनी भरपूर सोडतो. डोळ्याला पांढरा दिसणारा चुना अवरक्त किरणांच्या दृष्टीने जवळजवळ काळाच आहे. चकचकीत धातूचे उलट. तो ऊन बऱ्यापैकी परत पाठवतो, पण स्वतः तापला की ताप लवकर सोडीत नाही. म्हणून नव्या पत्र्याला हात लावला तर चटका बसतो आणि शेजारच्या चुन्याच्या भिंतीला लावला तर बसत नाही. मात्र धातूचा हाच दोष पत्र्याच्या खाली गुण ठरतो. टिनाखाली वीतभर जागा सोडून ॲल्युमिनियमची चकचकीत वर्खी ताणून बांधली तर ती टिनाचे प्रारण वर परत पाठवते आणि खाली फारच थोडे सोडते. जागा सोडणे मात्र आवश्यक. पत्र्याला चिकटवली की वहनाने उष्णता आत येते आणि सगळा खटाटोप व्यर्थ.

चुना दिल्यानंतर सहा वाजताचे छत ३९-४० वर आले. हवेच्या तापमापकात जेमतेम एका अंशाचा फरक पडला. फक्त तापमापक पाहिला असता तर चुन्याचे पैसे वाया गेले असेच कुणीही म्हटले असते.

चुन्याहूनही चांगली ती सावली. आमच्याकडे गोठ्यावर आणि अंगणावर पऱ्हाट्यांचा मांडव घालतात. तो स्लॅबवर दोन-तीन फूट उंच घातला तर ऊन स्लॅबपर्यंत पोहोचतच नाही आणि मधून वारा वाहतो. पण वाळलेल्या पऱ्हाट्या आणि विजेच्या तारा यांचा शेजार वाईट, म्हणून वडिलांनी त्याला नकार दिला आणि मला तो मान्य करावा लागला. हिरवी जाळी बांधता येईल, पण ती रात्री गुंडाळता आली पाहिजे.

रात्री का, तर दिवसा जसा सूर्य उष्णता देतो तसे रात्री निरभ्र आकाश ती घेते. कोरड्या, स्वच्छ आकाशाकडून खाली येणारे प्रारण फार कमी असते. जमीन मात्र वर सोडीतच राहते. रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात उत्तर हिंदुस्थानातील बर्फ करण्याची रीत वर्णिली आहे. उथळ खड्ड्यांत उसाच्या चिपाडांवर मातीची पसरट भांडी ठेवायची, त्यांत उकळून गार केलेले पाणी घालायचे, आणि हिवाळ्याच्या पहाटे वर बर्फाची खपली जमलेली असायची, हवा गोठणबिंदूच्या वर असतानासुद्धा. आपल्या मे महिन्यात बर्फ जमणार नाही, पण अंगणातल्या बाजेवर पहाटे चादर ओढावी लागते ती याच कारणाने. आजी संध्याकाळी बाज कडुलिंबाखाली टाकते आणि निजायच्या वेळी ती ओढून मोकळ्या अंगणात आणते. झाडाखाली रात्री झोपू नये, एवढेच ती सांगते. झाड आकाशाला आडवे येते, हे तिला माहीत नसेल. पण बाज किती हात सरकवायची हे तिला बरोबर माहीत आहे.

घराचा निकाल असा लागला. समोरच्या खोलीचे धाबे पाडायचे नाही असे वडिलांनी ठरविले. दोन सरे बदलले, वर नवी पांढरी माती चोपली आणि पाणी वाहून जायला टिनाची पन्हळ लावली. खर्च झाला आणि वडील तो अजून बोलून दाखवतात. मागच्या खोलीत आता मी अभ्यासाला बसतो. आजी एकदा दुपारी तिथे येऊन बसली, वर पाहिले, आणि "आता मानसासारखं वाटते," असे म्हणून पुन्हा धाब्याखाली निघून गेली. झोपायला ती तिथे काही येणार नाही. पावसाने चुना जागोजाग धुऊन नेला आहे. मार्चअखेरीस परीक्षा संपली की पुन्हा दोन हात द्यायचे आहेत. कळीचा चुना अकोल्याच्या बाजारात कितीला मिळतो, ते मी विचारून ठेवले आहे.